बटणांच्या फोनवरही यूपीआय

यूपीआयसाठी स्मार्टफोन हवाच, असा समज घट्ट बसला आहे. तो चुकीचा आहे. साध्या फोनवरून *९९# लावले की पडद्यावर पर्याय येतात: पैसे पाठवा, शिल्लक पाहा, पिन बदला. इंटरनेट लागत नाही. मोबाइलचे सिग्नल पुरते. मराठीचीही सोय आहे.

मार्च २०२२मध्ये रिझर्व्ह बँकेने ‘यूपीआय १२३पे’ सुरू केले. त्यातल्या एका प्रकारात ठरावीक क्रमांकावर फोन करायचा आणि सूचना ऐकत आकडे दाबायचे. ज्यांना वाचता येत नाही, बारीक अक्षरे दिसत नाहीत, त्यांच्यासाठी हीच सोय मला सर्वांत मोलाची वाटते. दुर्दैवाने तिची माहिती त्यांच्यापर्यंतच पोहोचलेली नाही.

मोबाइल क्रमांक खात्याशी जोडलेला हवा. पहिल्यांदा पिन ठरवताना सहसा डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे आणि मुदत विचारतात. कार्डच घेतले नसेल, तर गाडी इथे अडू शकते. बँकांनी खाते उघडतानाच ही जोडणी करून द्यावी, एकदा समोर बसवून व्यवहार करून दाखवावा. पिन मात्र खातेदारानेच दाबायचा. आणि पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. कुणी मागितला, तर फोन ठेवून द्यावा.