प्रोफाइल स्पॉट : उजेड कापायचा कसा?

आज रंगमंचावरच्या एकाच दिव्याबद्दल बोलू या. शहीद स्मारकात किंवा तरंग प्रेक्षागृहात नाटक बघताना पात्राभोवती उजेडाची रेखीव कड दिसली, की समजा, तो बहुधा प्रोफाइल स्पॉट.

उजेड तर साधा पार कॅनही देतो, आणि भरपूर देतो. पण तो सगळीकडे सांडतो. प्रोफाइल हवा तिथे थांबवता येतो, हीच त्याची किंमत. अमेरिकेत १९३३ साली लेव्ही आणि कूक यांनी असा दिवा बाजारात आणला. दोघांच्या आडनावांवरून त्याला ‘लेको’ म्हणू लागले. १९९२ साली ‘सोर्स फोर’ आला. त्याचा ५७५ वॅटचा दिवा जुन्या १००० वॅटच्या तोडीचा उजेड देतो.

आता रचना. बल्बमागे लंबगोलाकार आरसा असतो. तो सगळा उजेड एका छोट्या खिडकीपाशी गोळा करतो. तिला गेट म्हणतात. पुढचं भिंग त्या गेटचं चित्र रंगमंचावर फेकतं. जुन्या स्लाइड प्रोजेक्टरसारखंच. म्हणून चित्र उलटं पडतं. मागच्या पडद्यावर चढलेला उजेड कापायचा असेल, तर वरचं नाही, खालचं शटर आत ढकला. डावी बाजू कापायला उजवं. एवढं पाठ असलं की शिडीवरचा निम्मा गोंधळ मिटतो.

दिव्यावर अंश लिहिलेले असतात : १९, २६, ३६, ५०. तो उजेडाच्या शंकूचा कोन. दहा मीटरवरून १९ अंशांचा दिवा साधारण ३.३ मीटर रुंद वर्तुळ देतो, २६ अंशांचा ४.६, तर ३६ अंशांचा ६.५ मीटर. दिवा टांगण्याआधीच हे कागदावर मांडा.

फौजेत रायफल ठरावीक अंतरासाठी झीरो करतात. दिव्याचंही तसंच. फोकसिंगचा क्रम मोडू नका. पहिलं, पात्राच्या जागी एक माणूस उभा करा. दुसरं, उजेडाचा मध्य त्याच्या पायांवर नको, चेहऱ्यावर आणा. दिव्याकडे डोळे लावण्याऐवजी त्यानं पाठ करून उभं राहावं. डोक्याची सावली वर्तुळाच्या मध्यात आली, की नेम बसला. तिसरं, बोल्ट घट्ट करा. चौथं, वर्तुळाचा आकार. पाचवं, शटर. सहावं, भिंग पुढेमागे करून कड तीक्ष्ण किंवा मऊ करा. दोन दिव्यांचे उजेड जिथे मिळतात तिथे कड मऊच हवी, नाहीतर चालणाऱ्या नटाच्या चेहऱ्यावर रेघ फिरते. आणि हुकूम देणारा आवाज एकच असावा.

पुण्यात १९७२ साली रंगमंचावर आलेलं ‘घाशीराम कोतवाल’ घ्या. त्यात ब्राह्मणांची रांग हाच पडदा. आपल्या मंडळानं ते करायचं ठरवलं, तर? गोल उजेड टाकला की रांगेची टोकं अर्धवट अंधारात जातात, आणि मागे सांडलेल्या उजेडात जे लपवायचं तेच आधी दिसतं. तिथे शेजारीशेजारी दोन-तीन प्रोफाइल लावून वरून-खालून शटरनं कापावेत. उजेडाची सरळ पट्टी मिळते. रांग उजळते, मागचं झाकलेलं राहतं. नाटकातला डाव तेवढ्या पट्टीवर टिकतो.

आता सर्वांत महत्त्वाचं. शौकिया मंडळात हौसेनं शिडी चढणारी पोरं आपलीच असतात. प्रत्येक दिव्याला, क्लॅम्प कितीही घट्ट असला तरी, लोखंडी सेफ्टी साखळी हवीच. खाली एकानं शिडी धरायची आणि दिव्याखाली कुणी उभं राहायचं नाही. पाना मनगटाला दोरीनं बांधा. शटर तापतात, हातमोजे घाला. बल्ब बदलण्याआधी वीज बंद करा, दिवा निवू द्या. नव्या बल्बच्या काचेला उघडं बोट लावू नका; बोटाच्या तेलानं तिथे काच जास्त तापून बल्ब लवकर जातो.

पुढच्या तालमीत एकच प्रोफाइल आणि एक खुर्ची घ्या. फक्त खुर्ची उजळायची, भोवतालची जमीन शक्य तेवढी अंधारात. अर्धा तास द्या. चारही शटर हाताला कळतील. पुढच्या भागात रंगीत जेलबद्दल बोलू.