लागवड आषाढाची, राखण वैशाखाची

कल्याणहून मुंबईकडे जाणारी धीमी गाडी दिवा स्थानक सोडून मुंब्र्याला येऊ लागली, म्हणजे डाव्या हाताचा पारसिकचा डोंगर दाराशी उभ्या असलेल्या प्रवाशाच्या अगदी अंगावर येतो. आषाढात हा डोंगर पाहावा तर माथ्यापासून पायथ्यापर्यंत हिरवळ दाटलेली, घळीघळींतून पांढरे ओघळ उतरलेले. आणि वैशाखात त्याच दारातून पाहावा तर करपलेल्या गवताखालचा कातळ उघडा पडलेला, मधूनमधून वणव्याचे काळे पट्टे उमटलेले. येऊरच्या बाहेरच्या उतारांची, मलंगगडाच्या पायथ्याची आणि डोंबिवलीच्या पूर्वेकडील उंबार्ली टेकडीची गोष्टही फारशी निराळी नाही. आषाढ ते वैशाख या काळात तेथे काय घडते, याची विचारपूस करणारे लोक आपल्यात थोडे, आणि त्या थोड्यांमध्येही तरुणांचा भरणा अधिक, ही मला मोठ्या समाधानाची गोष्ट वाटते. ठाणे, कल्याण, डोंबिवली या शहरांतील जी मुलेमुली सहा दिवस लोकलच्या गर्दीत अंग चेमटून घेतात आणि सातव्या दिवशी पहाटे कुदळ, घमेले व कोयता घेऊन टेकडी चढतात, त्यांच्या उत्साहाचे कौतुक पुष्कळ झाले आहे; त्यांच्या कामामागचे शास्त्र मात्र सामान्य वाचकांपर्यंत पुरेसे पोचलेले नाही, म्हणून हा लेख.

हा मुलूख मुळात उजाड नव्हे. ठाणे जिल्हा म्हणजे एके काळी मुंबईचे लाकडाचे कोठार. ऐन, साग, खैर, हेदू, कळंब, कुसुंब, मोह यांची राने कल्याणच्या खाडीपासून थेट सह्याद्रीच्या कड्यांपर्यंत पसरलेली होती. १८५३ साली आगगाडी ठाण्यापर्यंत आणि १८५४ साली कल्याणपर्यंत आली, वाढत्या मुंबईची लाकडाची आणि कोळशाची भूक वाढत गेली, आणि पुढे १८७८ च्या जंगल कायद्याने रानाच्या हद्दींवर सरकारी निशाण्या रोवल्या गेल्या. भाताचे रोप टाकण्यापूर्वी डहाळ्या, पालापाचोळा आणि शेण पसरून वाफा भाजायचा, ज्याला आपल्याकडे राब म्हणतात, त्यासाठी रानातून टाहाळ तोडण्याचा रयतेचा पिढीजात वहिवाटीचा हक्क या बंदोबस्तात आक्रसला. तेव्हा ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतून इतक्या तक्रारी उठल्या की त्यांच्या चौकशीसाठी मुंबई सरकारला आयोग नेमावा लागला आणि १८८७ साली त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. हे जुने दप्तर येथे उघडण्याचे कारण एवढेच की, ज्या रानाशी पायथ्याच्या पाड्याचे नाते तुटले ते रान कागदावर कितीही राखीव असले तरी जमिनीवर राखले जात नाही, हा धडा शंभर वर्षांहून जुना आहे आणि टेकडीवर रोपे लावणाऱ्या प्रत्येक मंडळाला तो आजही नव्याने गिरवावा लागतो.

लागवडीचा उत्सव आपल्याकडे नवा नाही. १९५० साली केंद्रातील तेव्हाचे अन्न व कृषिमंत्री कन्हैयालाल मुनशी यांनी वनमहोत्सव सुरू केला, आणि तेव्हापासून जुलैचा पहिला आठवडा शाळाशाळांतून रोपांच्या आठवड्यासारखा पाळला जाऊ लागला. महाराष्ट्र शासनाने २०१६ साली दोन कोटी, २०१७ साली चार कोटी, २०१८ साली तेरा कोटी आणि २०१९ साली तेहतीस कोटी रोपांचे संकल्प सोडले. त्याच लाटेत जुलै २०१७ मध्ये, अंबरनाथजवळच्या मांगरूळ येथे, मलंगगडाच्या परिसरातील वनजमिनीवर, खासदार श्रीकांत शिंदे यांच्या पुढाकाराने हजारो स्वयंसेवकांनी एका दिवसात एक लाख रोपे लावली. चिखलाने माखलेल्या त्या गर्दीत महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची संख्या मोठी होती, आणि त्यांच्या श्रमांत खोट काढण्याजोगे काही नव्हते. परंतु त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्या जागेला आग लागली, २०१८ च्या अखेरीस पुन्हा लागली, आणि दोन्ही वेळा रोपे हजारोंनी जळाली. एक लाख रोपे एका दिवसात लावता येतात. एक लाख रोपे एका दिवसात राखता येत नाहीत. मांगरूळची ही हकीगत सांगताना मला कोणाला दोष द्यायचा नाही. या विषयाचे सारे मर्म त्या एका माळावर उघडे पडले आहे, म्हणून ती सांगितली.

आता ते मर्म जरा जवळून पाहू. आपल्याकडे वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण तो जवळजवळ सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. उरलेले आठ महिने कोरडे. टेकडीच्या उतारावर मातीचा थर वीतभर, त्याखाली मुरूम आणि त्याखाली काळा कातळ. आषाढात लावलेल्या रोपाचे मूळ पाऊस संपण्याच्या आत कातळाच्या भेगेपर्यंत पोचले तर ते जगेल, नाहीतर फाल्गुनात मान टाकील. म्हणून खड्डा उन्हाळ्यातच दीड-दीड फुटाचा खणून तापू द्यायचा, पहिला पाऊस जमिनीत मुरला की रोप उतरवायचे, आणि उताराच्या खालच्या बाजूने अर्धचंद्राकार बांध घालून आळे करायचे, म्हणजे वरून येणारे पाणी तेथे क्षणभर थबकते. उंबार्लीच्या वाटेवर एका मुलीला मी हे काम करताना पाहिले. तिने पिशवी ब्लेडने उभी चिरली, तळाशी वेटोळे घालून बसलेली मुळे कात्रीने छाटली, मातीचा गड्डा न फुटू देता दोन्ही तळहातांवर तोलून खड्ड्यात ठेवला, रोपाची मान जमिनीच्या पातळीला आली की नाही हे आडवी काठी धरून पाहिले, मग भोवतीची माती पायाने दाबली, आणि रिकामी पिशवी घडी करून कमरेच्या थैलीत टाकली. सायंकाळी तिच्या गटात रोपे मोजत नाहीत, पिशव्या मोजतात. पिशवीसकट पुरलेल्या रोपाची मुळे त्या प्लास्टिकमध्येच गुदमरतात आणि दुसऱ्या वर्षी ते रोप हाताने उपटून येते, हे त्यांनी अनुभवाने ओळखले आहे.

पावसाळा सरला की कामाचे स्वरूप पालटते. कार्तिकापर्यंत गवत पुरुषभर वाढते आणि मार्गशीर्षात ते वाळून सरपण होते. एखादी विझवायची राहिलेली विडी, चांगला चारा फुटेल या समजुतीने कोणी लावलेली काडी, शिकारीसाठी किंवा जमीन मोकळी करण्याच्या हेतूने मुद्दाम पेटविलेला कोपरा, यांपैकी काहीही पुरते. वारा उताराने वर चढत असतो. त्याच्याबरोबर ज्वाळाही चढते आणि तासाभरात टेकडीचे एक अंग काळे होते. यावर वनखात्याचा जुना व खात्रीचा उपाय म्हणजे जाळरेषा: गवत वाळण्याच्या सुमारास रानाच्या कडेने काही मीटर रुंदीचा पट्टा कापून, झाडून, प्रसंगी देखरेखीखाली जाळून मोकळा करायचा, म्हणजे बाहेरून आलेली आग तेथवर येऊन उपाशी मरते. हे काम कंटाळवाणे आहे, त्यात हाताला गवताचे कापे बसतात, घशात धूळ जाते आणि छायाचित्र काढण्याजोगे काही घडत नाही. तरीही एका जाळरेषेने वाचविलेली रोपे दहा वनमहोत्सवांत लावलेल्या रोपांहून अधिक भरतील, असे माझे स्पष्ट मत आहे. उंबार्ली टेकडीलाही वणव्यांनी वारंवार होरपळवले आहे, आणि तेथे पक्षी पाहण्यासाठी जाणाऱ्या मंडळींनीच ओल्या फांद्या हाती घेऊन आग झोडपण्याचे काम अंगावर घेतले. टेकडीवर पाण्याचे कॅन वाहून नेणारे जे हात उन्हाळ्यात दिसतात, ते बहुधा याच मंडळींचे.

या साऱ्याहून अधिक मोलाची, पण आपल्याकडे कमी बोलली जाणारी एक गोष्ट आहे. उघड्या दिसणाऱ्या टेकडीत रान मेलेले नसते. ते जमिनीखाली दबा धरून असते. तोडलेल्या ऐनाचा, पळसाचा, सागाचा बुंधा वर्षानुवर्षे जिवंत राहतो, दरसाल पावसात त्याला फुटवे येतात आणि दरसाल ते गुरांच्या तोंडी, कुऱ्हाडीखाली किंवा वणव्यात जातात. चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी हे शब्द राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार या गावांमुळे महाराष्ट्राच्या कानांवर आहेत. त्यांच्या जोडीला वणवाबंदी आली की तीन-चार वर्षांत ते फुटवे माणसाच्या उंचीचे होतात, आणि त्यांना कोणी पाणी घातलेले नसते, कारण त्यांची मुळे आधीच कातळात उतरलेली असतात. फुटव्यांच्या झुबक्यातला एक सरळ, जोमदार कोंब राखून बाकीचे छाटणे, हेही वृक्षारोपणच आहे.

ऑस्ट्रेलियातील सिडनी शहरात जोन आणि आयलीन ब्रॅडली या दोघी बहिणींनी १९६० च्या दशकात घराजवळच्या रानात फिरता फिरता याच तत्त्वाची एक पद्धती बसविली. रानाचा जो भाग अजून निरोगी आहे तेथून आरंभ करून बिघडलेल्या भागाकडे सरकत जायचे, परकी झुडपे हातांनी उपटताना माती कमीत कमी हलवायची, आणि मूळची झाडे जेवढ्या वेगाने परत येतील तेवढ्याच वेगाने पुढे जायचे, असे त्यांचे तीन दंडक होते. आज त्या देशात स्वयंसेवकांची मंडळे ठिकठिकाणी याच मार्गाने काम करतात. आपल्याकडे या वाटेतला अडथळा म्हणजे घाणेरी, रानमोडी आणि सुबाभूळ ही परकी झाडेझुडपे. घाणेरी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानात शोभेचे झुडूप म्हणून आली आणि पाखरांनी तिची फळे खाऊन सारा देश तिच्या हवाली केला. ती वरून छाटली तर दुपटीने फुटते. म्हणून तिच्या बुंध्याशी दोन-तीन बोटे माती उकरून, मुळाच्या गाठीखाली घाव घालून, निघालेले झुडूप उलटे करून ठेवावे लागते, आणि पुढल्या पावसात त्याच जागी उगवलेली तिची पिल्ले वेचण्यासाठी पुन्हा यावे लागते. उतारांवर सरसकट लावलेले गिरिपुष्प लवकर वाढते व गुरे त्याला तोंड लावत नाहीत, एवढ्याच गुणांवर सरकारदरबारी मान्य झाले. परंतु करंज, उंबर, काटेसावर, कुंभा, बहावा, पांगारा यांच्यावर जितकी पाखरे आणि फुलपाखरे पोसली जातात तितकी त्याच्यावर पोसली जात नाहीत. अकिरा मियावाकी या जपानी वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखली जाणारी, चौरस मीटरला तीन-चार रोपे दाटीने लावण्याची रीत शहरातल्या एखाद्या बोडक्या कोपऱ्याला शोभेल. आपल्या टेकड्यांवरचे गवत आणि करवंदीच्या जाळ्या उपटून ती तेथे नेऊ नये.

मूळच्या रानाला आपणहून परत येऊ द्यायचे, हा नियम खाडीकाठी तर अधिकच स्पष्ट दिसतो. ठाण्याच्या खाडीला २०१५ साली रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून आणि २०२२ साली रामसर स्थळ म्हणून मान्यता मिळाली. तेथील तिवरांचे बी भरतीचे पाणी स्वतःच आणून चिखलात रोवते; माणसाने करायचे ते इतकेच की चिखलातून वर आलेल्या श्वसनमुळांना गुंडाळून बसलेले प्लास्टिक सोडवायचे आणि भरतीच्या पाण्याची वाट मोकळी ठेवायची. ओहोटीच्या वेळी गुडघाभर चिखलात उभे राहून बोटांनी एकेका मुळावरची पिशवी सोडविणारी मुले पाहिली म्हणजे निगराणी या शब्दाचा अर्थ कळतो.

या मुलांना दिशा देणाऱ्या संस्थाही आहेत. ठाण्याच्या पर्यावरण दक्षता मंडळाने ‘आपलं पर्यावरण’ या मासिकातून आणि शाळा-महाविद्यालयांतल्या उपक्रमांतून या परिसरात पर्यावरणाची साक्षरता रुजविली. गांधीजन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी सुरू झालेली राष्ट्रीय सेवा योजना तर प्रत्येक स्वयंसेवकाकडून दोन वर्षांत २४० तासांच्या सेवेची अपेक्षा करते. या तासांची विभागणी महाविद्यालयांनी बदलावी, असे मला मनापासून वाटते. जुलैतल्या लागवडीला त्यांतले थोडे तास पुरेत. बाकीचे डिसेंबरातल्या जाळरेषेला, एप्रिलमधल्या पाण्याला आणि दुसऱ्या पावसाळ्यातल्या मोजणीला द्यावेत, आणि प्रमाणपत्रावर लावलेल्या रोपांचा नव्हे, तिसऱ्या वर्षी जिवंत असलेल्या रोपांचा आकडा लिहावा. पहिल्या वर्षाच्या मुलांनी लावलेले रोप पदवी घेऊन बाहेर पडताना त्यांनाच दाखविता आले पाहिजे. त्याचबरोबर, वनजमिनीवर कोयता चालविण्यापूर्वी वनखात्याच्या कचेरीतून लेखी परवानगी घ्यावी, आणि त्याहूनही आधी पायथ्याच्या पाड्यावर जाऊन तेथल्या आजी-आजोबांना विचारावे की या टेकडीवर पूर्वी कोणती झाडे होती, पाणी कोठे टिकत असे, आणि गुरे आता कोणत्या वाटेने चरायला जातात. गुरांची ती वाट मोकळी ठेवून लागवड केली तर पाडा तिची राखण करील.

ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या ज्या तरुण वाचकाने यंदाच्या पावसात एखादे रोप लावले असेल, त्याला माझी विनंती आहे: ते रोप कोठे लावले, हे वहीत लिहून ठेवा, आणि मार्गशीर्षातल्या पहिल्या रविवारी तेथे परत जा. जाताना विळा न्या, त्याच्या भोवतालचे दोन हात गवत कापून आळ्यात पसरा, आणि चैत्र लागल्यावर आठवड्यातून एकदा पाच लिटर पाणी वर चढवा. असे तीन उन्हाळे करावे लागतात. चौथ्या उन्हाळ्यात बहुतेक रोपांना तुमची गरज उरत नाही.