गिरिभ्रमणाचें साहित्य

डोंगरावर जातांना बरोबर काय घ्यावें, असें विद्यार्थी आम्हांस वारंवार विचारतात. आम्ही केवळ हौसेनें डोंगर चढणारे; तरी आमचा अनुभव असा कीं, साहित्य महागच पाहिजे असें नाहीं, परंतु कोणती वस्तु कां घ्यावयाची हें कळलें पाहिजे.

महाराष्ट्रांतील सर्वांत उंच शिखर कळसूबाई हें समुद्रसपाटीपासून १६४६ मीटर उंच आहे. दर १००० मीटर चढलें असतां हवेची उष्णता सरासरीनें सुमारें ६.५ अंश सेल्सिअसनें उतरते. त्यांत पाऊस व वारा यांची भर पडली म्हणजे सुती सदरा पाणी शोषून अंगास चिकटतो. तें पाणी वाळतांना शरीराची उष्णता हरण करितें, आणि प्रसंगीं तें जिवावर बेततें. लोंकर भिजली तरी तिच्या कुरळ्या तंतूंत कांहीं हवा कोंडून राहते, म्हणून ती ऊब राखिते. धनगर भर पावसांत घोंगडी पांघरतो, त्यांतील मर्म हेंच.

एक लिटर पाण्याचें वजन एक किलो भरतें. म्हणून पाणी पुरेसें घ्यावें, व इतर ओझें कमी करावें. जड जिन्नस पाठीलगत ठेवावा, म्हणजे तोल जात नाहीं. नवे जोडे प्रथम आठवडाभर शाळेंत येतांजातांना वापरावे. टांचेस फोड यावयाचाच असेल तर तो घराजवळ आलेला बरा. विजेरी व कोरडा सदरा विसरूं नये. घरचे दिवे गेल्यावर तीच विजेरी कामास येते.

निघण्यापूर्वीं पालकांनीं मुलांस पिशवींतील प्रत्येक जिन्नस कां घेतला तें विचारावें. उत्तर नीट आलें तर त्यांस खुशाल जाऊं द्यावें.