कला महाविद्यालयांतील शिक्षकांची शिल्पे आपण का आणि कशी पाहावीत?

आपल्या वस्तीला शिल्प नवे नाही. चौकात बाबासाहेबांचा पुतळा असतो, विहारात तथागतांची मूर्ती असते. त्यासाठी मोलमजुरी करणारी माणसेही वर्गणी देतात. मात्र कला महाविद्यालयांतील शिक्षकांच्या शिल्पांचे विभागीय प्रदर्शन जवळच्या शहरात भरले, तर आपली पावले तिकडे वळत नाहीत. "ते आपल्याला कळत नाही," असे अनेक तरुण कार्यकर्ते आम्हाला सांगतात. आमचे म्हणणे असे की, अशी शिल्पे वाचण्याची फार जुनी सवय आपल्याच वारशात आहे.

शिक्षकांचीच शिल्पे का?

शिल्पकला खर्चिक आहे. तिला जागा लागते, माती, प्लास्टर, धातू, भट्टी आणि मदतीला माणसे लागतात. चित्र भिंतीवर टांगता येते. मोठे शिल्प घरात ठेवायला जागा नसते, म्हणून गिऱ्हाईकही कमी. त्यामुळे बहुतेक शिल्पकारांचे पोट पुतळ्यांच्या कामावर चालते आणि तिथे काम देणाऱ्याच्या मर्जीप्रमाणे करावे लागते. महाविद्यालयात शिकवणाऱ्याला पगार आणि कार्यशाळेचा आधार असतो. म्हणून त्याला स्वतःच्या मनातले, न विकले जाणारे कामही करून पाहता येते. शिक्षकांच्या प्रदर्शनाचे महत्त्व इथे आहे. उद्याचे शिल्पकार घडवणारी माणसे आज काय विचार करतात, ते तिथे दिसते.

याचे मोठे उदाहरण म्हणजे शांतिनिकेतनच्या कलाभवनात शिकवणारे रामकिंकर बैज. बंगालमधील बांकुरा इथल्या नाभिक कुटुंबात त्यांचा जन्म झाला. १९३५ मध्ये त्यांनी झाडांच्या मधोमध उंच, सडपातळ 'सुजाता' उभी केली. बोधिसत्त्वाला खीर देणारी हीच ती सुजाता. १९३८ मध्ये त्यांनी 'संथाळ कुटुंब' घडवले. घरसामान घेऊन निघालेले आदिवासी जोडपे, सोबत मुले आणि कुत्रा. त्यासाठी ना संगमरवर वापरला ना ब्रॉन्झ. सिमेंट आणि तिथलीच लाल मुरमाड खडी वापरली. राजा, देव किंवा साहेब यांच्या वाट्याला येणारी भव्यता त्यांनी स्थलांतर करणाऱ्या कष्टकऱ्यांना दिली. पुढे त्यांचे विद्यार्थी शंखो चौधरी यांनी बडोद्याच्या विद्यापीठात शिल्पकला विभाग उभा केला. एका शिक्षकाचे काम असे पिढ्यान्‌पिढ्या पसरते.

चेहरा नाही, मग हे शिल्प कशाचे?

समकालीन प्रदर्शनात हमखास विचारला जाणारा हा प्रश्न. कुठे भंगार लोखंड वेल्डिंग केलेले असते, कुठे नुसता पोकळ आकार असतो. पण सांचीच्या तोरणांवरही बुद्धांची मानवी आकृती नाही. तिथे बोधिवृक्ष आहे, धम्मचक्र आहे, पाऊलखुणा आहेत, रिकामे आसन आहे. ते पाहणाऱ्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या सामान्य उपासकाला रिकाम्या आसनावर कोण आहे हे कळत होते. खुणेवरून अर्थ ओळखणे आपल्याला परके नाही.

त्याच सांचीच्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी हे कोरीवकाम केल्याची नोंद आहे. सातकर्णी राजाच्या कारागिरांचा प्रमुख आनंद याच्या दानाचाही लेख तिथे आहे. घडवणाऱ्या हातांची नोंद दगडावर राहिली. आज आपल्या किती पुतळ्यांच्या चौथऱ्यावर शिल्पकाराचे नाव असते? उद्घाटकाचे मात्र मोठ्या अक्षरांत असते.

कसे पाहावे?

पहिले, शिल्पाभोवती पूर्ण फेरी मारा. मागची बाजू अनेकदा वेगळेच सांगते. दुसरे, ते कशाचे केले आहे ते पाहा आणि हेच साहित्य का निवडले असेल याचा विचार करा. तिसरे, ते कसे घडले ते विचारा. साधारणपणे आधी लोखंडी सांगाडा, त्यावर माती, मग प्लास्टरचा साचा आणि शेवटी फायबर किंवा धातूचे ओतकाम, असा प्रवास असतो. चौथे, तिथे कोण नाही ते पाहा. कोणाचे श्रम, कोणाची वस्ती, कोणाचा इतिहास या दालनात आलेला नाही? शिल्पकार तिथे हजर असतील तर हा प्रश्न त्यांनाच नम्रपणे विचारा.

आपला त्यात काय संबंध?

कोल्हापूरच्या बिंदू चौकात ९ डिसेंबर १९५० रोजी, बाबासाहेबांच्या हयातीतच, त्यांचा पुतळा उभा राहिला. संसद परिसरातील त्यांचा पुतळा शिल्पकार ब्रह्मेश वाघ यांनी घडवला. त्याचे अनावरण २ एप्रिल १९६७ रोजी झाले. आपल्या चळवळीत पुतळ्याला किती अर्थ आहे, हे आपल्याला समजावून सांगण्याची गरज नाही. म्हणूनच तो चांगला असावा हा आग्रहही आपलाच हवा. चेहरा ओळखू न येणारा, प्रमाण बिघडलेला पुतळा घाईने बसवला तर तो पिढ्यान्‌पिढ्या तसाच राहतो. महाराष्ट्रात पुतळ्याच्या मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता घ्यावी लागते. चूक दुरुस्त करण्याची खरी वेळ तीच. पुतळा समितीच्या सदस्यांनी अशी प्रदर्शने पाहिली, शिक्षकांशी ओळख ठेवली, तर माती ओली असतानाच योग्य सल्ला मिळेल.

दुसरी गोष्ट आपल्या मुलांची. जयंतीच्या देखाव्यात थर्माकोल आणि मातीतून सुंदर काम करणारी मुले आपल्या वस्तीत आहेत. त्यांना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांना बसवा. बारावीनंतर सीईटी देऊन कला महाविद्यालयात जाता येते हे त्यांच्या पालकांना सांगा. शिल्पकला हाही पदवीचा विषय आहे, हेच अनेक घरांत माहीत नसते.

पुढच्या वेळी असे प्रदर्शन भरेल तेव्हा मंडळातील पाचसहा जणांनी त्या मुलांना सोबत घेऊन जावे. अभ्यासिकेच्या फळ्यावर त्याची तारीख लिहावी आणि परतल्यावर तासभर चर्चा करावी. दालनात कोण नाही हे विचारणे आवश्यक आहेच, पण तिथे आपली मुले शिल्पकार म्हणून, शिक्षक म्हणून उभी राहावीत याची तयारी वस्तीतच करावी लागेल.