ॲव्हरेज वाढलं म्हणजे खर्च घटला?

मोठी गाडी विकून छोटी घ्यायचा विषय गिरगाव-दादरच्या घरात निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: नवी ॲव्हरेज किती देते? या एका आकड्यावर सौदा ठरवणं, हाच मुळातला गैरसमज. ॲव्हरेजची बचत गाडी जितकी पळेल तितकीच. रोज लोकलने जाणाऱ्या घरातली गाडी पळते किती? वर्षाला ६,००० किलोमीटर धरू. १० च्या ॲव्हरेजला ६०० लिटर पेट्रोल लागतं, १६ च्या ॲव्हरेजला ३७५. लिटरला १०४ रुपये धरले तर वर्षाला २३,४०० रुपये वाचतात. पण ८ लाखांच्या नव्या पेट्रोल गाडीवर महाराष्ट्रात ११ टक्क्यांनी ८८,००० रुपये रोड टॅक्स एकरकमी भरावा लागतो. म्हणजे इंधनातली जवळपास पावणेचार वर्षांची बचत गाडी दारात येण्याआधीच खर्ची पडली. शिवाय ॲव्हरेज हा आकडाच फसवा आहे. ८ वरून १२ आणि १६ वरून २४, दोन्हीकडे वाढ दीडपट. तरी ६,००० किलोमीटरमागे पहिल्या बदलात २५० लिटर वाचतात, दुसऱ्यात १२५. खादाड गाडी बदलण्यात अर्थ आहे, बऱ्यापैकी ॲव्हरेजची बदलण्यात फारसा नाही. त्यातून कंपनीचा आकडा प्रयोगशाळेतल्या चाचणीचा; लालबागच्या सिग्नलवर इंजिन चालू ठेवून थांबलेली गाडी तो गाठत नाही.

यावर काळी-पिवळी टॅक्सीचा दाखला दिला जातो: टॅक्सीवाले सीएनजी वापरतात, मग आपण का नाही? ते खुळे नाहीत, पण त्यांचं गणित वेगळं आहे. सीएनजीसाठी ९०,००० रुपये जादा मोजले, गॅस किलोला ८० रुपये आणि ॲव्हरेज २२ धरलं, तर १६ चं ॲव्हरेज देणाऱ्या पेट्रोल गाडीच्या तुलनेत किलोमीटरमागे २ रुपये ८६ पैसे वाचतात. जादा पैसे वसूल व्हायला सुमारे ३१,५०० किलोमीटर लागतात. रोज १०० किलोमीटर फिरणारी टॅक्सी ते साडेदहा महिन्यांत करते. घरच्या गाडीला सव्वापाच वर्षं लागतात.

मग मोठी गाडीच ठेवावी का? तसंही नाही. तिचा खरा खर्च ती उभी असतानाही चालू असतो: घसारा, विमा, महाग सुटे भाग. जून २०२२ च्या दरांनुसार थर्ड पार्टी विम्याचा वार्षिक हप्ता १,००० सीसीपर्यंतच्या गाडीला २,०९४ रुपये आहे, तर १,५०० सीसीच्या वरच्या गाडीला ७,८९७. ‘पंचवीस लाखांची गाडी आठ लाखांत द्यायची?’ हा आक्षेप भावनेला पटतो, हिशेबाला नाही. सतरा लाख गाडी ठेवली तरी परत येणार नाहीत. उरलेले आठही दरवर्षी झिजत जातील. म्हणून कमी फिरणाऱ्याला बहुधा परवडते ती राज्यातच नोंदलेली, चांगल्या स्थितीतली जुनी छोटी गाडी. तिचा एकरकमी रोड टॅक्स पहिल्या मालकाने भरलेला असतो आणि घसाऱ्याचा मोठा घासही त्यानेच सोसलेला असतो. उरलेले पैसे बँकेत राहतात. विकलेल्या गाडीबरोबर नो क्लेम बोनस जातो, हाही गैरसमजच. तो गाडीचा नसून मालकाचा असतो, ५० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो आणि पुढच्या गाडीच्या विम्यात वापरता येतो. मात्र विकताना विमा कंपनीकडून तसं पत्र घ्यावं लागतं.

शेवटचा गैरसमज सगळ्यांत महाग पडू शकतो: किल्ली दिली, पैसे आले, विषय संपला. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केलं की गाडी पुढे कितीही हातांत गेली असली, तरी आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार. फॉर्म २९ आणि ३० वर नुसत्या सह्या करून भागत नाही. आरसीवर नाव बदललं की नाही, ते पाहावं लागतं. पेट्रोलमध्ये वाचलेले हजारो रुपये तोवर वाचले असं म्हणू नये.