कुडव्याच्या पडद्यावर सौदामिनीचं जहाज

गोंदिया शहराला लागून असलेल्या कुडव्यातून समुद्र गाठायचा, तर हावडा-मुंबई मार्गावरची गाडी धरून जवळपास हजार किलोमीटर जावं लागतं. इथल्या कितीतरी म्हाताऱ्यांनी समुद्र पाहिला तो पडद्यावरच. तरी समुद्री चाच्यांचे सिनेमे इथं मनापासून पाहिले जातात. हिंदीत डब केलेला ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ टीव्हीवर लागला की जेवणाची ताटं बाहेरच्या खोलीत येतात. पोट्ट्यांना त्यातले संवाद पाठ आहेत. दोरीला लटकून या जहाजावरून त्या जहाजावर जाणारा माणूस त्यांनी चिंचेच्या फांदीला दोर बांधून कितीदा तरी करून पाहिला आहे.

हा प्रेक्षक जहाजांना भुलतो, असं शहरातला माणूस सहज म्हणेल. मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रांच्या दिवसांत उघड्यावर सिनेमा दाखवण्याच्या कामाला मी हातभार लावतो, आणि त्या निमित्ताने पडद्यापेक्षा पडद्यासमोरची माणसं जास्त पाहतो. माझं निरीक्षण वेगळं आहे. इथला माणूस जहाज नंतर पाहतो. तलवार उपसणाऱ्यावर काय अन्याय झालाय, हे तो आधी तपासतो.

ही नजर झाडीपट्टीने घडवली आहे. दिवाळी संपली, धान कापून पुंजणे लागले की गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर या झाडीपट्टीच्या चार जिल्ह्यांत मंडई आणि शंकरपटाचा, म्हणजे बैलांच्या शर्यतींचा हंगाम सुरू होतो आणि त्याला लागूनच रात्रभराची नाटकं. वडसा हे या नाटकांचं माहेर. तिथल्या मंडळ्या गावोगाव फिरतात, लोक तिकीट काढून पहाटेपर्यंत बसतात. या रंगभूमीवरचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा बाकीच्या महाराष्ट्राचं इकडे थोडं लक्ष गेलं. या नाटकात खलनायक प्रवेश करतो तो काहीतरी हिसकावूनच: जमीन, सून, पोर, अब्रू. मग त्या हिसकावण्याचा हिशेब पहाटेपर्यंत चालतो. पिढ्यान्‌पिढ्या असं पाहत आलेला प्रेक्षक कोणत्याही सिनेमाला पहिला प्रश्न हाच विचारतो: कुणाचं काय हिसकावलं?

आणि चाचेपट मुळात याच प्रश्नावर उभे आहेत. १९२६च्या ‘द ब्लॅक पायरेट’मध्ये डग्लस फेअरबँक्सचा बाप चाच्यांच्या हल्ल्यात मरतो आणि त्याचा सूड घ्यायला तो चाच्यांतच शिरतो. १९३५च्या ‘कॅप्टन ब्लड’मध्ये एरॉल फ्लिन हा साधा डॉक्टर. जखमी बंडखोरावर उपचार केले म्हणून त्याला गुलाम करून विकतात, आणि मग तो समुद्रावर उतरतो. ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’मधल्या जॅक स्पॅरोचंही तेच. त्याच्याच माणसांनी बंड करून त्याचं जहाज पळवलं आहे. कुडव्यातल्या एका पोराला मी विचारलं, तुला तो का आवडतो? त्याने जॅकच्या चालीचं, बोलण्याचं नाव काढलं नाही. म्हणाला, “त्याचं जहाज त्याचंच होतं ना!”

आपल्याकडे हा प्रकार कधी आलाच नाही असं अनेकांना वाटतं. पण पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने १९३६ सालीच चाच्यांचा चित्रपट काढला होता. ‘संत तुकाराम’ही त्याच वर्षातला, त्याच कंपनीचा. व्ही. शांताराम दिग्दर्शित ‘अमर ज्योती’ हिंदीत होता. कथा अशी: सौदामिनीला तिच्या पोटच्या मुलाचा ताबा नाकारला जातो. दरबारातला न्यायमंत्री दुर्जय सांगतो की बाई ही नवऱ्याची दासी, तिचा हक्क कसला. ती राज्याविरुद्ध उभी राहते, समुद्रावर जाते, जहाजं लुटते आणि एके दिवशी राजघराण्याच्या जहाजावर हल्ला करून त्याच दुर्जयला कैद करते. सौदामिनी झाल्या होत्या दुर्गा खोटे, दुर्जय चंद्रमोहन, आणि राजकन्या नंदिनी शांता आपटे. संगीत मास्टर कृष्णरावांचं. त्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात तो दाखवला गेला. हॉलिवूडने जीना डेव्हिसला कप्तान करून ‘कटथ्रोट आयलंड’ काढला तो १९९५ साली, आणि तो असा काही पडला की पुढची कित्येक वर्षं चाचेपटाला पैसा लावायला कोणी धजावेना. शांतारामांची चाचीण त्याआधी जवळजवळ साठ वर्षं पडद्यावर येऊन गेली होती.

‘अमर ज्योती’ कुडव्यात दाखवायचं ठरलं तेव्हा तरुण पोरांनी नाकं मुरडली. बिनरंगाचा, जुना, वर गाणी भरपूर. तरी ठरलं.

उघड्यावरचा सिनेमा पाहायला सोपा, दाखवायला कष्टाचा. बिछायत केंद्रातून बल्ल्या, दऱ्या म्हणजे सतरंज्या आणि टेबल आणायचं. पडदा दोन बल्ल्यांमध्ये ताणताना खालची बाजू आधी बांधायची नाही. आधी वरची दोन टोकं, मग बाजू, शेवटी खालची, नाहीतर मधे झोळ येतो आणि माणसांचे चेहरे त्या झोळात वाकडे होतात. वाऱ्याची दिशा पाहून पडद्याला मागून दोन आडवे दोर लावायचे. जवळच्या खांबावरचा दिवा बंद करून घ्यायचा, आणि ते काम वायरमनला दुपारीच सांगून ठेवायचं. संध्याकाळी त्या माणसाचा फोन लागत नाही. प्रोजेक्टर टेबलावर ठेवून त्याखाली विटा सरकवत चित्र चौकोनी होईपर्यंत बसवायचं. नोव्हेंबरात रात्री दव पडतं, म्हणून त्याच्यावर छत्री किंवा ताडपत्रीचा आडोसा हवाच.

नव्वद वर्षांपूर्वीच्या सिनेमाची खरी अडचण आवाजाची असते. त्या काळचं ध्वनिमुद्रण आणि त्यात प्रतीवर चढलेली खरखर. आपल्याकडचे साउंड बॉक्स डीजेसाठी बनलेले, सगळा जोर बेसवर. त्यावर हा सिनेमा तसाच लावला तर नुसता घुमतो, शब्द हाती लागत नाही. आमच्यातला साउंडवाला मुलगा खाली बसून बेस जवळजवळ संपवतो, मधले स्वर उचलतो आणि वरची चुरचुर कापतो. मग उठून शेवटच्या दरीवर बसलेल्या बाईला विचारतो, “काकू, शब्द येते का?” ती मान हलवेपर्यंत तो परत परत बटणांकडे जातो. कामाची ही पद्धत मला फार मोलाची वाटते. प्रोजेक्टरजवळ बसून आवाज चांगला वाटला म्हणून तो तिथे थांबत नाही.

दुसरी सोय माइकची. सुरुवातीला आणि मध्यंतरात एक जण उभा राहून मागचं-पुढचं सांगतो: ही राणी, हा मंत्री, हिचं पोर कुठे गेलं. मूकपटांच्या काळात पडद्याशेजारी उभं राहून गोष्ट सांगणारे असायचे, तशीच ही सोय. झाडीपट्टीत घोषणा ऐकायची सवय असल्यामुळे लोकांना यात काही वावगं वाटत नाही.

सिनेमा सुरू झाला आणि पहिली काही मिनिटं गडबडीत गेली. पोरं इकडून तिकडे पळत होती, चहाच्या टपरीवर हसणं चालू होतं. दरबाराचं दृश्य आलं. दुर्जयने मुलाचा ताबा नाकारला आणि बायकांच्या बाजूची कुजबुज थांबली. समोरच्या दरीवर एक आजी लुगड्याच्या पदरात शेंगा घेऊन बसली होती. शेंग सोलता सोलता तिचा हात थांबला. कोणालाच उद्देशून नाही अशी ती बोलली, “लेकरू मायचं नाही त का दरबाराचं होय?” तिच्या शेजारच्या दोघी-तिघींनी “हो ना बाई” म्हटलं. पुढे सौदामिनी समुद्रावर गेली, तलवार घेतली, जहाज लुटलं, तेव्हा तिचं काही चुकतंय असं त्या दरीवरच्या एकीलाही वाटलं नाही. परवाना आधीच देऊन झाला होता.

चंद्रमोहनचे डोळे हाही एक अनुभव. आमचा प्रोजेक्टर काही भारी नाही, प्रतही फिकट. तरी त्या फिकट चित्रातून ते घारे डोळे समोर येतात तेव्हा पुढच्या ओळीतली पोरं खरंच मागे सरकतात.

गाण्यांच्या वेळी तरुण उठले. टपरीकडे गेले, मोबाइल काढले. पण म्हातारे उलट पुढे सरकले. संगीत नाटकावर वाढलेली ही पिढी गाण्याची वाट पाहते, आणि शांता आपट्यांचा स्वर लागला तेव्हा त्यांच्यातल्या एकाने मांडीवर ताल धरला तो गाणं संपेपर्यंत सोडला नाही. लढाई आली की टपरीवरचे परत. असं शेवटपर्यंत चाललं, अर्धी सभा एका गोष्टीला आणि अर्धी दुसऱ्या गोष्टीला. यात मला तरी गैर काही दिसत नाही. पूर्वीचे सिनेमे सगळ्या घराला एकदम बसवायचे, म्हणून त्यांत प्रत्येकाचा वाटा ठेवलेला असायचा.

समुद्राची सगळ्यात कडक परीक्षा घेतली ती एका ढिवर, म्हणजे मासेमार काकांनी. या जिल्ह्यात मामा तलाव म्हणजे जुने मालगुजारी तलाव गावोगाव आहेत, आणि काकांचं आयुष्य डोंग्यावर गेलेलं. जहाजावरच्या एका दृश्यात ते म्हणाले, “पानी हालते, मंग डोंगा काहून नाही हालत?” स्टुडिओतल्या जमिनीवर डेक उभारून चित्रण करण्याच्या काळातली ही मोठीच अडचण होती. हॉलिवूडही तेव्हा हौदात छोटी जहाजं सोडून आणि जुन्या मूकपटांतले तुकडे जोडून समुद्र उभा करायचं. ‘कॅप्टन ब्लड’मध्ये दोन्ही आहे. काकांनी ही चूक नेमकी पकडली, आणि तरी शेवटपर्यंत जागचे हलले नाहीत. निघताना मी विचारलं तर म्हणाले, “डोंगा खोटा असन. बाई खरी होती.”

तलवारबाजीवर मात्र इथे कोणी सवलत देत नाही. रंगमंचावर दहा हातांवरून खणखणाट पाहिलेली माणसं आहेत ही. उडी स्वतः मारली की कॅमेऱ्याने, हे त्यांना कळतं. फेअरबँक्सपासून फ्लिनपर्यंत कितीतरी द्वंद्वं बसवणारा फ्रेड कॅव्हन्स प्रत्येक वार लांबून दिसेल इतका मोठा ठेवायचा. आपल्याकडे कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतून पुढे आलेले मास्टर विठ्ठल अशाच तलवारीच्या मूकपटांवर मोठे झाले. त्यांना भारताचे डग्लस फेअरबँक्स म्हणत, आणि १९३१ साली ‘आलम आरा’चे नायकही तेच. झाडीपट्टीतला नट वार करण्याआधी हात पूर्ण मागे नेतो, त्यामागचं कारणही तेच आहे. शेवटच्या रांगेतल्याला दिसलं पाहिजे.

आता २०१८च्या दिवाळीतल्या ‘ठग्स ऑफ हिंदोस्तान’कडे पाहा. मोठाली जहाजं, अमिताभ बच्चन, आमिर खान, पहिल्या दिवशी सुमारे पन्नास कोटींचा गल्ला, आणि काही दिवसांतच रिकाम्या खुर्च्या. आमिर खानने पुढे जाहीरपणे प्रेक्षकांची माफी मागितली. त्यावर पुष्कळ लिहिलं गेलं. मला कुडव्यातल्या पोरांचं म्हणणं सगळ्यात पटलं. आईबाप मारले गेले, राज्य गेलं ते जफिराचं. पण सिनेमाचा सगळा वेळ फिरंगीच्या लबाड्यांना दिला आणि तिला बोलायलाही फारसं ठेवलं नाही. ज्याचं दुःख त्याच्या हातात सिनेमा नाही, मग जहाज कितीही मोठं करा, दरीवरचा माणूस त्यावर चढत नाही. हे सूत्र प्रभातच्या माणसांना १९३६ साली ठाऊक होतं.

म्हणून मंडई भरवणाऱ्या मंडळांना माझं एक सांगणं आहे. आपल्या कायद्यानुसार चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षांचा असतो. ‘अमर ज्योती’ची ती मुदत १९९६ अखेर संपली. चित्रपटाच्या स्वामित्वहक्कापोटी तो दाखवायला आता कोणाची परवानगी लागत नाही, पैसेही लागत नाहीत. नाटक दहानंतर उभं राहतं, त्याआधीचे अडीच-तीन तास मोकळेच असतात. पडदा नीट ताणा, आवाज शेवटच्या दरीवर जाऊन ऐका, माइकवर गोष्ट सांगणारा एक माणूस ठेवा. आणि बायकांच्या दऱ्या पडद्यासमोर अगदी पुढे टाका.