पावसाळ्यातील पेंड आणि दुभती जनावरे

मृग लागला की मुंबई उपनगरातील गोठेवाल्यास हिरव्या वैरणीची चिंता पडते. पेंडीची चिंता मात्र फारशी कोणी वाहत नाही. शहरातील दाटीवाटीच्या तबेल्यांतून म्हशी हलविण्यासाठी दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने १९४९ साली गोरेगाव येथे आरे दुग्धवसाहत वसविण्यात आली. म्हशींस मोकळी जागा लाभली, तरी त्यांचे आंबोण विकतचेच राहिले. सरकी पेंड, भुईमूग पेंड, चुणी व भुसा हे सारे बाहेरून येते आणि पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या या दमट हवेत पोत्यांत पडून राहते. बुरशीस याहून अनुकूल ते काय असणार?

अशा बुरशीचे घातक स्वरूप १९६० साली उघडकीस आले. त्या वर्षी इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी दगावले. शोधाअंती ब्राझीलहून आलेली भुईमुगाची पेंड त्यास कारण ठरली. तिच्यावर वाढणाऱ्या अॅस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीवरून त्या विषास अॅफ्लाटॉक्सिन हे नाव पडले. हे विष यकृतास अपाय करते. मोठी म्हैस पक्ष्याप्रमाणे तडकाफडकी सहसा मरत नाही, आणि फसगत होते ती येथेच. तिचे खाणे मंदावते, दूध आटते, आणि मालक हवेस दोष देत बसतो. शिवाय विषाचा काही अंश दुधात उतरतो व दूध उकळल्याने तो नाहीसा होत नाही. अंधेरी-मुलुंडकडील लहान मुलांच्या पेल्यापर्यंत तो पोहोचू शकतो. म्हणूनच दुधात त्याचे प्रमाण किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅमहून अधिक नसावे, असा आपल्याकडे नियम आहे.

बुरसलेली पेंड उन्हात वाळवून, झटकून, चांगल्या पेंडीत मिसळून खपविण्याची रीत काही गोठ्यांत दिसते. ही काटकसर नव्हे. बुरशी झटकली जाते, विष मागे राहते. पेंड स्वस्त मिळते म्हणून भिजलेले पोते घेऊ नये. पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर रचावीत. पावसाळ्यात पंधरवड्यापुरताच साठा करावा आणि जुने पोते आधी संपवावे. उरलेले आंबोण गव्हाणीत शिळे होऊ देऊ नये.

संशय येताच ती पेंड बंद करून पशुवैद्यकीय अधिकाऱ्यास कळवावे. तपासणीचा नमुना अनेक पोत्यांतून थोडा थोडा घ्यावा, कारण विष सर्वत्र सारखे पसरलेले नसते. दूषित पेंड थांबविल्यावर दुधातील विष बहुधा चार-पाच दिवसांत ओसरते.